ज्येष्ठांच्या केंद्राचं वेळापत्रक कुठून आलं

ज्येष्ठ नागरिकांच्या कुठल्याही केंद्राचा फळा वाचला, तर आठवडा साधारण सारखाच दिसतो. सकाळी व्यायाम, मग गाणं किंवा पत्ते, दुपारचं जेवण, मधूनच आरोग्यावर एखादं व्याख्यान, मोबाइलचा वर्ग, महिन्याकाठी सहल. यातल्या प्रत्येक गोष्टीचं मूळ वेगळं आहे. काही कल्याणकारी कामातून आल्या, काही प्रौढशिक्षणातून. फी घ्यावी का, विषय कोणी ठरवायचे, हजेरी का गळते, असे केंद्रांमधले बरेचसे वाद या दोन परंपरा एकाच हॉलमध्ये नांदतात म्हणून होतात.

निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ ही चीज मुळात फार जुनी नाही. जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा केला तेव्हा वयाची अट ७० वर्षं होती. ती ६५ वर आली १९१६ मध्ये. पेन्शनचा कायदा झाला त्याच सुमारास गरीब वस्तीत राहून काम करणाऱ्या संस्था उभ्या राहत होत्या. लंडनचं टॉयन्बी हॉल १८८४ चं, शिकागोचं हल हाउस १८८९ चं. संध्याकाळचे वर्ग, वाचनालय, क्लब हा साचा त्यांनी रुळवला, पण त्यांचं मुख्य लक्ष कामगार, स्थलांतरित आणि मुलांकडे होतं.

खास ज्येष्ठांसाठीचं पहिलं केंद्र म्हणून सहसा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या विल्यम हॉडसन केंद्राचं नाव घेतलं जातं. ते १९४३ मध्ये सुरू झालं. शहराच्या कल्याण खात्यातल्या कार्यकर्त्यांना दिसत होतं की मदत घेणारी वयस्कर मंडळी काम नसतानाही कचेरीत येतात, कारण घरी बोलायला कोणी नसतं. मग त्यांना बसायला जागा दिली गेली. सहा वर्षांनी, १९४९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये ‘लिटल हाउस’ सुरू झालं. तिथे येणारे लोक गरजू नव्हते. त्यांना छंद, वर्ग आणि सोबत हवी होती.

फिलिप टायट्झ या अभ्यासकाने १९७६ मध्ये या दोन तऱ्हांना नावं दिली: सामाजिक सेवा संस्थेचा नमुना आणि स्वयंसेवी मंडळाचा नमुना. पहिल्या तऱ्हेच्या केंद्रात लोक अडचणीमुळे येतात, दुसऱ्यात आवडीमुळे. संचालकाला हे ओळखता आलं नाही, तर गाडी तिथेच अडते. अडचणीत असलेल्या माणसाला चित्रकलेचा वर्ग दाखवला की तो अर्ज भरून निघून जातो, आणि आवडीने आलेल्याला ‘लाभार्थी’ म्हटलं की तो पुन्हा फिरकत नाही.

अमेरिकेत १९६५ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने या कामासाठी केंद्र सरकारचा पैसा आला. १९७२ च्या दुरुस्तीने सामूहिक जेवणाची योजना जोडली, आणि अनेक केंद्रांचं वेळापत्रक जेवणाभोवती फिरू लागलं. त्याचा परिणाम अजून दिसतो: जेवणाआधीचा तास भरलेला, नंतरचा रिकामा. यामागे निव्वळ सुस्ती नसते. उतारवयात जेवणानंतर रक्तदाब खाली येण्याची शक्यता जास्त असते. भरल्या पोटी उभ्याने तोल साधण्याचा व्यायाम लावणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. तो तास बसून करायच्या कामाला द्यावा, व्यायाम सकाळीच उरकावा.

वैचारिक बाजूलाही ओढाताण होतीच. १९६१ मध्ये कमिंग आणि हेन्री या अभ्यासकांनी मांडलं की म्हातारपणी माणूस आणि समाज एकमेकांपासून हळूहळू सुटत जातात आणि ते स्वाभाविक आहे. रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांचा सूर नेमका उलटा: जो गुंतलेला राहतो तो समाधानी राहतो. केंद्रांनी अर्थातच दुसरी बाजू उचलली, जरा जास्तच उत्साहाने. ‘रिकामा तास दिसता कामा नये’ हा हट्ट तिथूनच आला असावा. दिवसात सहा उपक्रम कोंबले की दोन वर्गांच्या मधल्या गप्पा जातात, आणि कित्येक जण तर त्या गप्पांसाठीच येतात.

शिक्षणाच्या परंपरेला मोठं वळण मिळालं ते १९७३ मध्ये, फ्रान्समधल्या तुलूज शहरात. तिथे पिएर व्हेला यांनी तिसऱ्या वयाचं विद्यापीठ सुरू केलं. निवृत्तीच्या वयानंतर कोणालाही प्रवेश, नाममात्र फी, परीक्षा नाही, शिकवायला विद्यापीठाचे प्राध्यापक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पीटर लॅस्लेट, मायकल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी ही कल्पना ब्रिटनमध्ये नेली आणि प्राध्यापकच काढून टाकले. सदस्यांनीच सदस्यांना शिकवायचं, पदवीची अट नाही, मानधन नाही. चीनने १९८३ मध्ये शानतुंग प्रांतात पहिलं ज्येष्ठ विद्यापीठ काढलं, तिथे मात्र शासनाचा हात पहिल्यापासून होता.

ब्रिटिश पद्धत स्वस्त पडते, म्हणून छोट्या केंद्रांना भुरळ घालते. तिचा कच्चा दुवा एकच: गट एका माणसावर उभा असतो. तो आजारी पडला की चार आठवड्यांत गट विस्कटतो. म्हणून सुरुवातीलाच दोन संयोजक नेमावेत, मुदत वर्षाची ठेवावी, आणि साहित्य, नोंदवही, किल्ली यांपैकी काहीही एकाच घरी राहू देऊ नये. चर्चेचा गट आठ ते बारा जणांचा बरा. पंधराच्या पुढे गेलं की तिघेच बोलतात. नावनोंदणीच्या फॉर्मवर ‘तुम्ही काय शिकवू शकता?’ हा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात. तोंडी विचारताना ‘नोकरीत रोज काय करत होता?’ असं विचारलं की हिशेब, विजेची दुरुस्ती, शिवणकाम आपोआप बाहेर येतं.

पुरुष या केंद्रांकडे कमी फिरकतात, ही तक्रार जुनीच. त्यावर ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात एक उत्तर निघालं: पुरुषांसाठी सुतारकामाच्या शेड. समोरासमोर बसवून बोलतं करण्यापेक्षा खांद्याला खांदा लावून काम करताना माणूस जास्त बोलतो, हे त्यामागचं सूत्र. शेडमध्ये मदत करणारा जाणकार लागतोच. नवशिक्याला पहिल्याच दिवशी विजेच्या करवतीजवळ उभं करू नये.

गेल्या पंचवीसेक वर्षांत संशोधनाने काही जुन्या समजुती हलवल्या. अमेरिकेतल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ चाचणीत ६५ वर्षांवरच्या २,८३२ जणांचे चार गट केले. तीन गटांना स्मरण, तर्क किंवा पाहिलेलं झटकन ओळखण्याचा वेग यांपैकी एकेका गोष्टीचं प्रशिक्षण दिलं, चौथ्याला तुलनेसाठी तसंच ठेवलं. २००२ मध्ये निकाल आले. ज्याने जे केलं, त्यातच तो सुधारला. बाकी फारसं काही सरकलं नाही. शब्दकोड्यांच्या तासाने एकूण बुद्धी तल्लख होते, असं फलकावर लिहिणाऱ्यांनी हे वाचायला हवं. २०१४ च्या एका अभ्यासात ज्येष्ठांना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकाम शिकवलं. त्यांची घटना लक्षात ठेवण्याची क्षमता नुसत्या गप्पा-सहलींच्या गटापेक्षा जास्त सुधारली. नवं आणि अवघड हवं, हा त्यातला मुद्दा. आठवड्यातून एकदा तासभर, तेही दर वेळी पहिल्या धड्यापासून, एवढ्याने ते साधत नाही. मोबाइलचे वर्ग नेमके इथेच फसतात: दर महिन्याला नवे लोक भरतात, जुने कंटाळतात. पायरीनुसार दोन गट, चौघांमागे एक मदतनीस आणि सराव ज्याच्या-त्याच्या फोनवरच, हे पाळलं की गाडी पुढे सरकते.

व्यायामाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची ६५ च्या पुढच्यांसाठी शिफारस आहे ती आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद दोन्ही साधणाऱ्या व्यायामाची. खुर्चीत बसून हात हलवण्याने सांधे मोकळे होतील, पण पडणं टळणार नाही. त्यासाठी उभं राहून तोलाला आव्हान द्यावं लागतं. आधाराला भिंतीलगत, हात असलेली, न घसरणारी खुर्ची ठेवावी. चाकांची खुर्ची अजिबात नको.

२०२० मध्ये महासाथीत केंद्रं बंद पडली आणि वर्ग पडद्यावर गेले. उघडल्यावर अनेकांनी दोन्ही ठेवलं: काही हॉलमध्ये, काही घरून. यात हमखास चुकतं ते ध्वनीचं. वक्त्याचा माइक असतो, पण हॉलमधून आलेला प्रश्न घरी ऐकू जात नाही. श्रोत्यांसाठी फिरता दुसरा माइक ठेवावा. तो नसेल, तर वक्त्याने प्रत्येक प्रश्न उत्तराआधी मोठ्याने पुन्हा म्हणावा. हॉलमध्ये ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांनाही तो त्याच वेळी कळतो.