कॅरॅव्हॅन आणि मोटरहोम : आउटबॅकच्या वाटेवरची दोन घरे

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रुळला आहे. मात्र तो वाचताना आपल्या डोळ्यांसमोर जी गाडी उभी राहते, ती चित्रीकरणस्थळी दिसणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनची धाकटी बहीण असते : पुढे चालकाची केबिन, मागे बिछाने, छोटा ओटा आणि न्हाणीघर, आणि सारे एकाच चेसिसवर. ऑस्ट्रेलियात या गाडीला मोटरहोम म्हणतात, आणि ती आकाराने लहान असेल तर कॅम्परव्हॅन. तेथील कॅरॅव्हॅनला इंजिनच नसते. ती मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची खोली असते आणि तिला स्वतःची वेगळी नंबरप्लेट असते. दक्षिण किनाऱ्यावरील ॲडलेडहून उत्तर किनाऱ्यावरील डार्विनपर्यंत, आउटबॅकमधून म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागातून, सुमारे तीन हजार किलोमीटरचा प्रवास आखणाऱ्या मराठी कुटुंबाने हा भेद आरक्षणापूर्वीच समजून घ्यावा, कारण वाटेतल्या लहान गावांत दिवस कसा जाईल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

दोन्ही वाहनांत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाणी साठवण्याची सोय सारखीच असते, तेव्हा त्यावर वेळ दवडण्याचे कारण नाही. खरा फरक एवढाच की कॅरॅव्हॅन मोटारीपासून सुटी करता येते आणि मोटरहोम करता येत नाही. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

चालवण्याची बाब आधी घेऊ. मोटरहोम म्हणजे चालवायला एक उंच, रुंद आणि वाऱ्याला जुमानणारी गाडी, इतकेच. तिचे भारासह कमाल वजन साडेचार टनांपर्यंत असेल तर साधा मोटारीचा परवाना पुरतो आणि त्याहून मोठी असेल तर वरच्या वर्गाचा लागतो. भाड्याच्या मोटरहोम बहुधा या मर्यादेतच बांधलेल्या असतात. कॅरॅव्हॅनची विद्या मात्र निराळी आहे आणि तिचे मर्म बैलगाडी हाकणाऱ्याला लवकर उमगेल. गाडीत मागच्या बाजूला जास्त ओझे भरले की गाडी उलाळ होते, म्हणजे पुढून उचलली जाते. फार पुढे भरले की सारा भार बैलांच्या मानेवर येतो. कॅरॅव्हॅनचेही तसेच आहे. तिच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीच्या गोळ्यावर पडावा, असा तेथील ठोकताळा आहे. तो भार कमी पडला तर वेग वाढताच मागची खोली शेपटासारखी डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागते आणि कधीकधी पुढच्या मोटारीलाही सोबत घेऊन उलटते. म्हणूनच ब्रेकचे नियम कडक आहेत : चाकांवर येणारा भार ७५० किलोंच्या पुढे गेला की मागच्या वाहनाला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि दोन टनांच्या पुढे गेला की सर्व चाकांना ब्रेक आणि शिवाय जोडणी तुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची होते. याच वाटेवरच्या स्टुअर्ट हायवेवर साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, धावतात. तशी एखादी समोरून गेली की तिच्या वाऱ्याचा झोत दोन्ही घरांना बसतो, पण हेलकावा खाते ती कॅरॅव्हॅन. मागे घेताना स्टिअरिंग उलट्या दिशेला फिरवावे लागते, हे उसाची ट्रॉली मागे घेणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला सांगावे लागणार नाही. शहरी मराठी माणसाने मात्र मोकळ्या मैदानात सराव केल्याखेरीज निघू नये. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसे बसवणे बेकायदा आहे, तर मोटरहोममध्ये पट्टा असलेल्या आसनांवर मुलांना बसवता येते.

आता गावात पोहोचल्यावरची गोष्ट. ॲडलेडहून उत्तरेला जाताना ग्लेन्डॅम्बो ही छोटी वस्ती सोडली की कूबर पीडी या गावापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर इंधनाचा पंप नाही, त्यामुळे माणूस तेथे पोहोचतो तो थकूनच. १९१५ साली येथे ओपल हे रत्न सापडले आणि उन्हाळ्यातल्या उष्म्यापासून वाचण्यासाठी लोक जमिनीखाली घरे कोरून राहू लागले. आजही घरे, चर्च आणि दुकाने डोंगराच्या पोटात आहेत. कॅरॅव्हॅनवाला येथील कॅरॅव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे अशा वाहनांच्या मुक्कामाच्या तळावर, खोली उभी करतो, वीज जोडतो, छत्रीसारखा पडदा ताणतो आणि मोटार सुटी करून ओपलच्या खाणी, भूमिगत चर्च किंवा तीसेक किलोमीटरवरच्या ब्रेकअवेज टेकड्या पाहायला निघतो. मोटरहोमवाल्याला दुधाची पिशवी आणायची झाली तरी वायर काढा, भांडी कपाटात बंद करा, पडदा गुंडाळा, असा सगळा संसार आवरावा लागतो. शिवाय टेकड्यांकडचा रस्ता कच्चा आहे आणि भाड्याच्या मोटरहोमच्या करारात कच्च्या रस्त्यांना बहुधा मनाई असते. मोटरहोमच्या मागे छोटी मोटार ओढत नेणारे काही अनुभवी प्रवासी दिसतात. त्यांनी एका परीने कॅरॅव्हॅनच उलटी करून घेतली आहे.

याउलट, ज्याला एका गावात एकच रात्र काढायची आहे त्याच्यासाठी मोटरहोम सरस ठरते. संध्याकाळी याच वाटेवरच्या टेनंट क्रीक गावी यावे, इंजिन बंद करावे, दोन पावले मागे जाऊन चहा ठेवावा. पाऊस असो वा अंधार, दाराबाहेर पाऊल टाकण्याचे कारण नाही. कॅरॅव्हॅन समतल करणे, आधारपाय टेकवणे, जोडणी सोडणे यात नवख्याचा अर्धा तास सहज जातो. तेथील प्रवासी अशा वेळी मोटार न सोडताच राहता येईल अशी आरपार जागा मागतात, तिला ड्राइव्ह-थ्रू साइट म्हणतात.

बिघाडाचा विचार सहसा कोणी करत नाही, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. या गावांत सुटा भाग दूरच्या शहरातून मागवावा लागतो आणि त्याला दिवस लागतात. मोटार बिघडली तर कॅरॅव्हॅनवाल्याचे घर पार्कात शाबूत राहते. मोटरहोम बिघडली की घरच गॅरेजमध्ये जाते आणि कुटुंब मोटेलच्या खोलीत.

खर्चाचे गणित थोडक्यात असे : जड कॅरॅव्हॅन ओढताना मोटारीचे इंधन दीडपट किंवा त्याहूनही अधिक लागते, पण गावात मुक्काम पडला की ती मोटार एकटी धावते. गावांच्या लेखी मात्र दोन्ही पाहुणे सारखेच. ‘आरव्ही फ्रेंडली टाउन’ (आरव्ही म्हणजे अशी फिरती घरे) अशी पाटी असलेल्या गावांत पिण्याचे पाणी, सांडपाणी सोडण्याची जागा आणि गावाजवळ अल्पकाळ थांबण्याची सोय मिळते. तुमच्याकडे मैला आणि भांड्यांचे पाणी साठवणाऱ्या टाक्या आहेत की नाहीत, एवढेच तेथे पाहिले जाते.

जाता जाता ‘कॅरॅव्हॅन’ या शब्दाविषयी, ज्याचे मूळ ‘कारवान’ म्हणजे तांडा. १८६० साली ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडू पाहणाऱ्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी उंट आणि उंटवाले कराचीहून नेले गेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे याच प्रदेशांतल्या उंटवाल्यांच्या वस्त्या मॅरीसारख्या गावांत उभ्या राहिल्या आणि त्यांचे तांडे आउटबॅकला रसद पुरवत राहिले. उंटांचा तो कारवान काय किंवा आजची कॅरॅव्हॅन काय, मुक्कामी ओझे उतरवून ठेवता येते.

भारतातून जाणाऱ्याने व्यवहाराची एक अडचण लक्षात घ्यावी. भाड्याच्या साध्या मोटारींना मागे काही ओढण्याची परवानगी सहसा नसते, त्यामुळे कॅरॅव्हॅन भाड्याने मिळाली तरी ती ओढायची कशाने हा प्रश्न उरतो. मोटरहोम मात्र ॲडलेडला घेऊन डार्विनला परत करता येते. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या पाहुण्याने मोटरहोमच घ्यावी आणि कूबर पीडीत एखादी स्थानिक सहल विकत घ्यावी. मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या, घरी दणकट मोटार असलेल्या आणि मे ते सप्टेंबरमधले दोन महिने मोकळे काढू शकणाऱ्या निवृत्त मराठी जोडप्याला मात्र मी कॅरॅव्हॅनच सुचवेन.