पैठणीची धूपछाव, खाडीचा वास आणि काळी पडलेली जर

आमच्याकडे रेवदंड्याला पावसाळा सरला की आजी कपाटातल्या रेशमी साड्या बाहेर काढायची, पण अंगणात नाही हां, आत ओटीवर सावलीत. "उन्हात नको गो, रेशीम कुजतं," म्हणायची. आणि ते बरोबरच होतं, रेशीम म्हणजे प्रोटीन, उन्हातले अतिनील किरण ते मोडतात, मग साडी पिवळट पडते आणि घडीवर विरते.

तिच्या लग्नातली पैठणी जांभळी, पण जरा हलवली की लाल मारते आणि दुसऱ्या बाजूने बघितली की निळी. लहानपणी मला वाटायचं तीन रंगांचा धागा असेल, पण जांभळा धागा त्यात एकही नाही! ताणा म्हणजे उभे धागे लाल, बाणा म्हणजे आडवे निळे, बस्स. रेशमाच्या तंतूचा छेद गोल नसतो, साधारण गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोण असतो, त्यामुळे त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश छान परततो. त्यात उभे धागे एका दिशेला प्रकाश फेकतात, आडवे दुसऱ्या, म्हणजे पदर फिरवला की कधी ताण्याचा रंग पुढे येतो कधी बाण्याचा. लांबून दोन्ही मिसळून जांभळं दिसतं. यालाच धूपछाव म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात येवल्याला एका जुन्या वाड्यात माग बघायला गेलो आणि दोन तास हललोच नाही. रेशीमकिड्याच्या एका कोषातून साधारण किलोमीटरभर तंतू निघतो, पण तो एकटा विणायला फारच बारीक, म्हणून अनेक कोषांचे तंतू एकत्र ओढतात. वर सेरिसिन नावाचा डिंक असतो, तो उकळून काढला की जवळजवळ पाव वजन जातं आणि मग कुठे ती चमक दिसते. काठपदराच्या नक्षीत धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जात नाही, प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, विणकर बोटांनी तेवढेच धागे उचलून ती आतून काढतो, शेजारचा रंग आला की दोन धागे एकमेकांत अडकवतो आणि परत फिरवतो. मागे लोंबणारे धागे उरतच नाहीत, म्हणून मोर उलट्या बाजूनेही मोरच दिसतो. दिवसभरात वीतभर पदरही होत नाही कधीकधी. काठावर नारळी नक्षी दिसली आणि मला उगाच घरचं वाटलं.

तसं रेशीम आपल्या किनाऱ्यालाही नवं नाही. आमच्या शेजारचं चौल एके काळी रेशमी कापडासाठी नावाजलेलं बंदर होतं, पोर्तुगीज काळात तिथलं कापड जहाजांतून बाहेर जायचं. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत.

आता काठपदरातल्या सोनेरी जरीचं, ती काळी का पडते त्याचं. सगळे म्हणतात दमट हवेने ही जर काळी पडते, पण नुसत्या दमट हवेचं ते काम नाही. खऱ्या जरीत चांदीची चपटी तार रेशमाभोवती गुंडाळलेली असते, वर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. चांदीचं वाकडं आहे गंधकाशी. ओहोटीला खाडीच्या चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड, मुलामा झिजला असेल तिथे तो चांदीला गाठतो आणि काळं सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, ओलाव्यात हे जास्त भराभर होतं. आम्ही राहतो खाडीच्या तोंडाशीच!

म्हणून प्लास्टिकची पिशवी नको, आत ओल कोंडते. रबरबँड तर अजिबात नको, त्यातही गंधक असतं. जुनं धुतलेलं मलमल घ्या, त्यात गुंडाळा, आणि घडी दर थोड्या महिन्यांनी बदला कारण एकाच रेषेवर तार सारखी वाकली की तुटते.

मला एकाने काळी पडलेली जर पॉलिशने घासून काढ म्हणून सांगितलं होतं, मी नाही घासली, काळ्याबरोबर उरलासुरला मुलामाही निघून जातो. परवा आजीची पैठणी ओटीवर उलगडली, काठ काळपटलाय, पण पदर वाऱ्याने हलला आणि जांभळ्यातून तो लाल तस्साच वर आला.