डोंगरउतार व खडकप्रकार : सोलापूर परिसर

डोंगराच्या माथ्यापासून ओढ्याच्या पात्रापर्यंत उतरत जाणाऱ्या भूपृष्ठास डोंगरउतार म्हणतात. हा उतार क्वचितच एका कोनात उतरतो. माथ्याजवळ तो फुगीर असतो, मध्ये कड्याने तुटतो, कड्याखाली दगडगोट्यांनी भरलेला असतो आणि पायथ्याशी खोलगट होत सपाटीला मिळतो. यांपैकी कोणता भाग ठळक राहील आणि कोणता दिसणारही नाही, हे खडकाची कठीणता, त्यातील सांधे (नैसर्गिक भेगा), थरांची मांडणी आणि खडक झिजल्यावर निघणारा माल भरड की बारीक, यांवर बरेचसे ठरते.

भूवैज्ञानिक ॲलन वुड यांनी १९४२ मध्ये उताराचे चार भाग मांडले : बहिर्वक्र माथा, उघडा कडा, साधारण एकाच कोनाचा डबर उतार आणि अंतर्वक्र पायथा. दक्षिण आफ्रिकेतील भूरूपशास्त्रज्ञ लेस्टर किंग यांनी हीच विभागणी पुढे नेली. कडा आपला तीव्रपणा टिकवून मागे सरकत जातो आणि त्याच्यापुढे मंद उताराचे गिरिपद (पायथ्याचा पट्टा) रुंदावत जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कडा टिकण्यासाठी मात्र त्याला तोलून धरणारा खडक लागतो. मऊ खडकात माथा आणि पायथा एकमेकांत विरघळून केवळ एक लांब, पसरट टेकाड उरते.

सोलापूर जिल्ह्यात हा विषय थोडा फसवा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेला दख्खनचा बेसाल्ट हाच येथील पायाभूत खडक असल्याने, खडकप्रकारांचा उतारावरील परिणाम येथे दिसणार नाही असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात लाव्हाचा प्रत्येक प्रवाह एकजिनसी नसतो आणि हा फरक विहीर खोदणाऱ्याला पुस्तकाआधी कळतो. वरचा मुरूम संपला की त्याला कधी काळा पाषाण लागतो, तर कधी मांजऱ्या. काळा पाषाण घट्ट असतो, परंतु त्यात थंड होताना पडलेले उभे सांधे असतात. मांजऱ्या म्हणजे वायूच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला खडक. त्यात सांधे कमी असतात, पण तो लवकर कुजतो आणि चांगला कुजलेला तुकडा हाताने चुरता येतो. दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातकट खडकाचा पातळ थर सापडतो, तो याहूनही कच्चा.

हे जवळजवळ आडवे थर एकावर एक असल्याने उताराला पायऱ्या पडतात. अशा खडकांना लावलेला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. पायरीचा उभा भाग काळ्या पाषाणाचा, आडवा भाग बहुधा मांजऱ्याचा. खालचा मऊ थर पोखरला गेला की वरच्या पाषाणाचा आधार सुटतो, उभ्या सांध्यांवरून ठोकळे निखळतात आणि कडा मागे हटतो. म्हणजे कड्याचा मागे हटण्याचा वेग त्याच्या स्वतःच्या कठीणपणापेक्षा पायाखालच्या खडकाच्या कच्चेपणावर अधिक अवलंबून असतो. निखळलेले ठोकळे कोपऱ्यांकडून कुजू लागतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत गोल गुंड उरतो. रस्त्यासाठी कापलेल्या टेकाडाच्या अंगात मुरमामध्ये रुतलेले असे गुंड सहज पाहता येतात.

बार्शी तालुक्यात बालाघाटचे आणि माळशिरस–सांगोल्याकडे महादेव डोंगराचे फाटे आहेत. तेथे कड्याची रेघ ओळखू येते. भीमा आणि सीना यांच्या खोऱ्यांत मात्र उंचीचा फरक इतका कमी आहे की उघडा कडा हा भाग गळून पडतो. दोन-चार फुटांची दगडी धार तेवढी उरते. येथे एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. सह्याद्रीच्या कोकणाकडील बाजूस हाच बेसाल्ट शेकडो मीटरांचे कडे उभे करतो. त्यामुळे खडक पायऱ्यांचा आराखडा देतो, पण पायरी किती उंच असेल हे नद्यांनी किती खोल कापले त्यावरून ठरते.

इतर खडकांत चित्र बदलते. ग्रॅनाइटमध्ये माथा घुमटासारखा गोलावतो आणि मोठे धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे राहतात. शेलमध्ये, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या मऊ खडकात, उतार मंद आणि मातकट असतो. पाचगणीला जांभ्या खडकाच्या टोपणामुळे माथा सपाट राहून कड सरळ तुटते.

सोलापूरच्या कमी पावसात माथ्यावरची माती धुऊन जाण्याच्या मानाने नवी माती हळू तयार होते. म्हणून माथ्यावर बरड आणि उघडा मुरूम, मधल्या उतारावर मध्यम जमीन आणि पायथ्याला खोल काळी, असा क्रम लागतो. माथा कुरणाला, तर पायथा रब्बी ज्वारीला. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातील माळरान हे अशाच उथळ, मुरमाड जमिनीचे आहे. या क्रमाला थरांची पायरी मध्येच छेद देते. उताराच्या अर्ध्यावर पाषाणाची धार वर आली, तर तिच्यावर पुन्हा बरड पट्टा लागतो आणि नांगर तेथे अडतो. सांध्यांतून मुरलेले पाणी खालच्या तांबड्या थरावर अडून बाजूने पाझरते, म्हणून पाऊस बरा झालेल्या वर्षी टेकाडाच्या अंगावर एकाच उंचीवरून जाणारी हिरव्या गवताची ओळ पावसाळ्यानंतरही काही काळ टिकते; दोन लाव्हाप्रवाह एकमेकांना भिडतात ती सीमा तेथेच असते.