दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे घरगुती संगणकीय ध्वनिचित्रमुद्रण

दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित होणारा कार्यक्रम घरच्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेणे, त्यातील जाहिराती व नको असलेला भाग कापून टाकणे आणि उरलेला भाग सोयीच्या स्वरूपात बदलून ठेवणे, या तिन्ही क्रियांचा या प्रकारच्या मुद्रणात समावेश होतो. मुद्रण, काटछाट आणि रूपांतर हाच त्यांचा योग्य क्रम आहे. अनेक जण घाईने आधी रूपांतर करतात, मूळ फाइल पुसतात आणि मग काटछाटीला बसतात. त्यामुळे चित्राचा दर्जा दोनदा घसरतो आणि मागे फिरण्याची वाटही उरत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे १९७३ पासून त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले आणि त्यानंतरच्या काळात व्हीसीआर घराघरांत पोहोचला. दूरचित्रवाणी केंद्रांवर टेप महाग असल्यामुळे जुने मुद्रण पुसून तीच टेप पुन्हा वापरण्याची पद्धत एके काळी जगभर होती. म्हणून एखाद्या घराच्या माळ्यावर राहिलेली कॅसेट ही त्या कार्यक्रमाची एकमेव प्रत असण्याचाही संभव असतो. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, परंतु त्याचे मुख्य क्षेत्र चित्रपट हे आहे. स्थानिक केबल वाहिनीने दाखवलेली विसर्जन मिरवणूक किंवा एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनाचे प्रक्षेपण यांचे जतन बहुतेक वेळा पाहणाऱ्यांच्याच हाती राहते, आणि त्यामुळे या घरगुती उद्योगाला छंदापलीकडचे मोल आहे.

भारतातील जुने प्रक्षेपण पाल पद्धतीचे होते. त्यात ६२५ रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा दाखवले जाते आणि प्रत्येक चित्र सम व विषम रेषांच्या दोन अर्धचित्रांत विभागलेले असते. संगणकात हे चित्र ७२० × ५७६ बिंदूंमध्ये (पिक्सेलमध्ये) उतरते. ते न आकसता, म्हणजे त्यातील माहिती दाबून लहान न करता, साठवायचे म्हटले तर एका तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा लागते. एमपेग-२ या आकसण्याच्या पद्धतीने सेकंदाला ६ मेगाबिट या वेगाने साठवल्यास तेच काम २.७ गिगाबाइटमध्ये होते. पूर्वी यासाठी संगणकाच्या आत टीव्ही ट्यूनर कार्ड (वाहिनी पकडून तिचे चित्र संगणकाला देणारे कार्ड) बसवीत आणि केबलची वायर थेट त्याला जोडीत. केबलचे डिजिटलीकरण झाल्यावर (पुण्याचा समावेश ३१ मार्च २०१३ ही मुदत असलेल्या दुसऱ्या टप्प्यात होता) कार्डातील ट्यूनर निरुपयोगी ठरला आणि सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या, लाल व पांढऱ्या जोडण्यांतून संकेत घ्यावा लागू लागला. या वायरी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सहज मिळतात. मात्र या व्यवस्थेत वाहिनी बदलणे संगणकाच्या हाती नसते. वेळ लावून मुद्रण करायचे असेल तर बॉक्स आधीच योग्य वाहिनीवर सुरू ठेवून जावे लागते.

याहून उत्तम मार्ग डीडी फ्री डिशच्या सांकेतिकीकरण न केलेल्या वाहिन्यांसाठी उपलब्ध आहे. डिशची वायर उपग्रह संकेत घेणाऱ्या कार्डाला जोडली की प्रक्षेपणाचा डिजिटल प्रवाह आहे तसाच हार्ड डिस्कवर उतरतो. चित्र पुन्हा आकसण्याचा प्रश्नच नसल्याने या मुद्रणाचा दर्जा प्रक्षेपणाइतकाच राहतो. डिश कंपन्यांच्या मुद्रणाची सोय असलेल्या बॉक्समध्ये साठवलेले कार्यक्रम मात्र सामान्यतः त्याच बॉक्सपुरते कुलूपबंद असतात आणि बॉक्स बिघडला की तेही जातात.

मुद्रण कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये करावे, याकडे पुण्यात विशेष लक्ष द्यावे लागते, कारण गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याची पद्धत येथे जुनी आहे. एमपी-४ फाइलची अनुक्रमणिका सहसा मुद्रण संपल्यावर शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर दोन तासांचे मुद्रण असूनही फाइल उघडत नाही. टीएस किंवा एमकेव्ही प्रकारात वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो. यूपीएस असला तरी मुद्रण याच प्रकारांत करणे शहाणपणाचे. हार्ड डिस्क फॅट-३२ या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीची असेल तर एक फाइल ४ गिगाबाइटपलीकडे वाढू शकत नाही आणि लांबलेला कार्यक्रम अर्ध्यावर तुटतो, हेही आधी पाहून घ्यावे.

काटछाट हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग होय. एमपेग-२ मध्ये प्रत्येक चित्र संपूर्ण साठवलेले नसते. दर १२ ते १५ चित्रांमागे एक पूर्ण चित्र असते आणि मधली चित्रे शेजारच्या चित्रांहून काय बदलले एवढेच सांगतात. त्यामुळे पुन्हा आकसणी न करता कापायचे असेल तर काप पूर्ण चित्रावरच घ्यावा लागतो, म्हणजे तो हव्या त्या क्षणापासून सुमारे अर्धा सेकंद मागे वा पुढे सरकतो. एच. २६४ या आकसण्याच्या नव्या पद्धतीत हे अंतर कित्येकदा काही सेकंदांचे असते. समजा, मिरवणुकीच्या मुद्रणात जाहिरात संपून चित्र अलका चौकात परत येते. काप नेमका त्या क्षणी पडला नाही तर जाहिरातीची शेवटची काही चित्रे शिल्लक राहतात. आणि बळेच तेथे कापले तर पूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसतात. जाहिरातीची चार चित्रे राहिली तरी चालतील, पण मानाच्या गणपतीचा पहिला क्षण जाता कामा नये, हा नियम येथे पाळावा. एव्हिडेमक्स या काटछाटीच्या प्रणालीमध्ये वरच्या व खालच्या बाणाने एका पूर्ण चित्रावरून दुसऱ्यावर जाता येते. दृश्य व ध्वनी या दोन्हींसाठी ‘कॉपी’ निवडले की फाइल काही मिनिटांत कापून तयार होते. एफएफएमपेग ही दुसरी प्रणाली हेच काम एका ओळीच्या आज्ञेने करते. दोन्ही मोफत आहेत.

कापल्यानंतर ध्वनी व चित्र यांचा मेळ तपासावा. बोलणाऱ्याच्या ओठांवरून तो ठरवणे कठीण जाते. ढोल पथकाचे दृश्य असेल तर टिपरू ढोलावर पडण्याचा क्षण आणि ठोक्याचा आवाज यांतला फरक चटकन कळतो. फरक आरंभापासून सारखाच असेल तर ध्वनी तेवढा सरकवून भागते. तो हळूहळू वाढत असेल तर मुद्रणाच्या वेळी काही चित्रे गळाली आहेत किंवा कॅप्चर कार्ड (चित्र संगणकात घेणारे कार्ड) आणि साउंड कार्ड यांची घड्याळे वेगळी चालली आहेत, असे समजावे. अशा वेळी कार्डातच ध्वनी घेणारे साधन वापरून मुद्रण पुन्हा करणे हाच खात्रीचा उपाय असतो.

रूपांतर जागा वाचवण्यासाठी किंवा फोनवर पाहण्यासाठी करतात. हँडब्रेकसारख्या प्रणालीने एच. २६४ मध्ये बदलल्यास फाइल बरीच लहान होते. येथे दोन चुका नेहमी आढळतात. पहिली म्हणजे सम-विषम रेषांची दोन अर्धचित्रे तशीच एकत्र राहतात आणि हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उमटतात. त्या काढण्याची गाळणी (फिल्टर) वापरावी. मात्र चित्रांची संख्या सेकंदाला २५ ठेवली तर निम्मी हालचाल जाते, ५० ठेवली तर ती टिकते. दुसरी चूक प्रमाणाची. ७२० × ५७६ चे बिंदू चौरस नसतात, म्हणून चित्र ४:३ असल्याची नोंद फाइलमध्ये नसेल तर माणसे किंचित उंच व बारीक दिसतात. रूपांतरित प्रत चांगली दिसली तरी कापलेली मूळ फाइल पुसू नये; काढलेल्या रेषा परत आणता येत नाहीत आणि उद्या याहून चांगली गाळणी मिळू शकते.

जुन्या व्हीएचएस कॅसेटी उतरवताना पुण्याचा पावसाळा आड येतो. दमट हवेत टेपच्या कडेवर पांढरी बुरशी धरते आणि ती व्हीसीआरच्या हेडला चिकटून पुढच्या कॅसेटीही खराब करते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे डाग दिसले तर ती यंत्रात घालू नये, आधी साफ करून घ्यावी. उतरवलेल्या चित्राच्या तळाशी थरथरणाऱ्या काही रेषा दिसतात. तो व्हीएचएसचा अंगभूत दोष असून मूळ प्रतीत त्या तशाच ठेवाव्यात.

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ३७ प्रमाणे प्रक्षेपण संस्थेला तिच्या प्रक्षेपणावर २५ वर्षे हक्क असतो. मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाने त्या हक्काचा भंग होत नाही, असे कलम ३९ सांगते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हे हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडण्याविषयी आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर खेळ लावणे किंवा प्रती विकणे हे खासगी उपयोगात मोडत नाही.