टीबीची रोजची गोळी आणि पॉलिमरचा शोध

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षं सिलिकाची धूळ छातीत गेलेल्या कामगाराला टीबीचा धोका इतरांपेक्षा जास्त. निदान झालं की सरकारी दवाखान्यातून वजनाप्रमाणे गोळ्या मिळतात, त्याही फुकट. पण रोज घ्यायच्या आणि किमान सहा महिने. त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते, पोटात ढवळतं. दोन महिन्यांत खोकला थांबला की माणूस म्हणतो, आता कशाला? कोर्स अर्धवट सुटतो आणि उरलेले जंतू औषधाला जुमानत नाहीत.

एके काळी इकडचे रुग्ण मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या निवासी रुग्णालयात, राहायचे. घरी राहून गोळ्या घेतल्या तरी गुण तितकाच येतो, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ साली दाखवलं आणि सॅनेटोरियमची गरज ओसरत गेली. उपचार घरी आले, तशी गोळी चुकवायची मुभाही आली.

रोजची गोळी टाळायचा एक मार्ग म्हणजे औषध पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळ्यांच्या प्लास्टिकसारख्या पदार्थात, कोंडून सावकाश सोडायचं. ही कल्पना मात्र टीबीवाल्यांची नव्हे. हॅम्बुर्गचे सर्जन बुखहोल्त्स यांनी १९७०च्या सुमारास कृत्रिम सांधा बसवायच्या बोन सिमेंटमध्येच (तेही पॉलिमरच) जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलं, म्हणजे हाडातला जंतुसंसर्ग जागच्या जागी रोखता येईल. ते सिमेंट शरीरात विरघळत नाही. विरघळणारं पॉलिमर म्हणजे पीएलजीए. आधी त्याचे टाक्यांचे धागे निघाले. ते दोन आम्लांचं बनतं: लॅक्टिक, जे दह्यात असतं, आणि ग्लायकोलिक, जे आपल्या उसाच्या रसातही सापडतं. पाण्याने त्याच्या साखळ्या तुटत जातात, तसं आतलं औषध सुटतं. अमेरिकेत १९८९ साली प्रोस्टेट कॅन्सरसाठी त्याचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन मंजूर झालं. संसर्गाच्या औषधांची पाळी मागेच राहिली. माझ्या मते गरीब रुग्णाच्या आजारात कंपन्यांना पैसा कमी दिसतो, हे त्यातलं मोठं कारण.

टीबीपुरतं ठळक काम आपल्याकडेच झालं. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत गोपाळ खुल्लर यांच्या गटाने टीबीची औषधं पीएलजीएच्या नॅनोकणांत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत, भरली. हे कण शरीरातल्या जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी गिळतात आणि टीबीचे जंतूही नेमके त्याच पेशींत दडलेले असतात. २००३ साली त्यांनी उंदरांना दर दहा दिवसांनी एक, असे पाचच डोस तोंडावाटे दिले. त्यानंतर अवयवांत जंतू सापडले नाहीत.

२०१९ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या गटाने वेगळी वाट धरली: नाकातल्या नळीतून जठरात सोडायची, औषधाच्या गोळ्या ओवलेली लवचीक तार. डुकरांमध्ये तिने २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सोडलं. उंदीर आणि डुक्कर इथवर गाडी आली आहे. सेकंड शिफ्टला निघालेल्या कामगाराच्या खिशात अजून गोळ्यांची पट्टीच असते.