लग्न न करता जोडीदार म्हणून परदेशी रहिवास : या वाटेची पार्श्वभूमी

लातूर, नांदेड, परभणीची मुलंमुली बारावीनंतर पुण्याला जातात, शिकतात, तिथेच नोकरीला लागतात आणि त्यांतली काही पुढे लंडन, मेलबर्न, टोरांटोला पोहोचतात. याच प्रवासात जोड्या जुळतात, एका घरात राहू लागतात. मग एकाला परदेशात नोकरी मिळते आणि दुसऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो: लग्न तर झालेलं नाही, सोबत जायचं कसं? ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड या देशांत त्यासाठी कायदेशीर मार्ग आहे. पण तो कोणाच्या लढ्यातून निघाला हे ठाऊक नसलं, की अर्जातल्या मागण्या विचित्र वाटू लागतात. दोघांच्या नावाचं वीजबिल आणायचं कुठून? ज्या नातेवाइकांना काही सांगितलेलंच नाही, त्यांची पत्रं मागायची कशी?

ब्रिटनबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्या उपखंडाचाही धागा आहे. १९८० च्या दशकात तिथे 'प्रायमरी पर्पज' नावाचा नियम होता. लग्न करून येणाऱ्याने हे सिद्ध करायचं, की लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरण्याचा नाही. मनात नसलेला हेतू नाही हे कागदावर दाखवायचं कसं? भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातून जाऊ पाहणारे नवरे या नियमात सापडले. घरच्यांनी ठरवलेलं लग्न मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला मुळातच संशयाचं वाटे. तेव्हा पुरुषांना बायको आणणं सोपं आणि बायकांना नवरा आणणं अवघड, असा भेदही नियमांत होता. १९८५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अब्दुलअझीझ, काबालेस आणि बलकंदाली या तीन स्त्रियांच्या खटल्यात तो भेद चुकीचा ठरवला. त्यावर ब्रिटनने काय केलं, तर बायकांसाठी नियम सैल न करता पुरुषांसाठीही कडक केला. समानतेच्या नावाखाली सगळ्यांवरच अन्याय करण्याचं याहून वाईट उदाहरण मला माहीत नाही. १९९७ च्या मे महिन्यात मजूर पक्षाचं सरकार आलं आणि जूनमध्ये हा नियम रद्द झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरं दार किलकिलं झालं. समलिंगी जोडप्यांना तेव्हा लग्न करताच येत नव्हतं, त्यामुळे परदेशी जोडीदाराला ब्रिटनमध्ये ठेवण्याचा त्यांना मार्गच नव्हता. अशा जोडप्यांनी १९९३ मध्ये 'स्टोनवॉल इमिग्रेशन ग्रुप' स्थापन केला होता. एकेका जोडप्याचं प्रकरण हाती घेऊन ते गृहखात्याशी भांडत राहिले. ऑक्टोबर १९९७ मध्ये सरकारने नियमांबाहेरची सवलत म्हणून लग्नाविना जोडीदाराला परवानगी द्यायला सुरुवात केली. अट मात्र चार वर्षं एकत्र राहिल्याची. आता व्हिसाच नाही तर चार वर्षं एकत्र राहणार कुठे? ही अडचण इतकी उघड होती, की जून १९९९ मध्ये अट दोन वर्षांवर आली आणि ऑक्टोबर २००० मध्ये ही तरतूद प्रत्यक्ष इमिग्रेशन नियमांत गेली.

लग्नाचा दाखला नाही, तर नातं ओळखायचं कशावरून? तिथल्या शहरी जोडप्याच्या रोजच्या व्यवहारात जे कागद आपोआप तयार होतात, तेच पुरावा ठरले: दोघांच्या नावाचा भाडेकरार, सामाईक बँक खातं, कौन्सिल टॅक्सचं (आपल्या घरपट्टीसारख्या कराचं) बिल, एकाच पत्त्यावर दोघांना आलेली पत्रं. ज्यांनी हा हक्क मिळवला त्यांच्या घरात हे कागद होते. आपल्याकडच्या जोडप्यांच्या घरात ते नसतात, याचा विचार तेव्हा करणारं कोणी नव्हतं.

ऑस्ट्रेलियातही समलिंगी जोडप्यांसाठी वेगळी वाट काढावी लागली. १९९१ पासून तिथे 'इंटरडिपेन्डन्सी' नावाचा वेगळा व्हिसा होता. २००९ मध्ये समलिंगी जोडपी 'डी फॅक्टो', म्हणजे लग्नाविना जोडप्यासारखं राहणाऱ्या, जोडीदाराच्या व्याख्येत आली आणि वेगळ्या व्हिसाची गरज उरली नाही. तिथे अर्जाआधी बारा महिन्यांचं नातं दाखवावं लागतं, मात्र व्हिक्टोरिया किंवा न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात नात्याची नोंदणी केली असेल तर बारा महिन्यांची अट लागत नाही. अधिकारी चार बाजू तपासतात: पैशाचे व्यवहार, घर चालवणं, समाजातलं वावरणं आणि एकमेकांशी असलेली बांधिलकी. यातली तिसरी बाजू आपल्या मुलांना सर्वांत जड जाते. त्याकडे पुढे येतो.

कॅनडाने २००२ च्या नव्या कायद्यात दोन वर्ग केले. एक वर्षभर एकत्र राहिलेले ते 'कॉमन-लॉ' जोडीदार. ज्यांना व्हिसाच्या अडथळ्यामुळे किंवा लैंगिक कलामुळे लग्नही करता येत नाही आणि एकत्रही राहता येत नाही, ते 'कॉन्ज्युगल' जोडीदार. हा दुसरा वर्ग सरसकट नाही. स्त्री-पुरुष जोडप्याला लग्न करणं शक्य असेल, तर 'मग केलं का नाही?' हा प्रश्न येतोच. स्वीडनमध्ये लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना 'सांबो' म्हणतात. त्यांच्या घरासाठी १९८० च्या दशकापासूनच कायदा आहे. अमेरिकेत मात्र ही वाट नाही. तिथे १९७० पासून वाग्दत्त जोडीदारासाठी के-१ व्हिसा आहे आणि तिथे पोहोचल्यावर नव्वद दिवसांत लग्न करावं लागतं.

आता आपल्याकडे वळू. लग्नाविना एकत्र राहणं भारतात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंह आणि २०१० मध्ये खुशबू खटल्यात हे स्पष्ट केलं. त्याआधी १९७८ मध्ये बद्री प्रसाद खटल्यात सुमारे पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालं असंच गृहीत धरलं गेलं होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने 'विवाहसदृश' नात्यातल्या स्त्रीलाही संरक्षण दिलं. असं नातं ओळखायचं कसं, याच्या कसोट्या २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात आल्या. दोघं सज्ञान हवीत, लग्नाला पात्र हवीत, बऱ्याच काळापासून स्वेच्छेने एकत्र राहणारी हवीत आणि समाजापुढे पती-पत्नीसारखी वावरणारी हवीत. म्हणजे आपल्या कायद्याने छळाविरुद्ध ढाल दिली, पण नात्याला दाखला दिला नाही. महाराष्ट्रात कोणतंही कार्यालय 'हे दोघं जोडीदार आहेत' असं लिहून देत नाही. समलिंगी जोडप्यांना तर सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालानंतरही लग्नाचा मार्ग नाही. त्यामुळे परदेशातली ही वाट त्यांच्यासाठी बहुधा एकमेव असते.

वेलुसामीतली शेवटची कसोटी आणि ऑस्ट्रेलियाची तिसरी बाजू एकच गोष्ट विचारतात: चारचौघांत तुम्ही एकत्र आहात का? मराठवाड्यातून आलेलं जोडपं नेमकं तिथेच गप्प असतं. जात वेगळी असते, धर्म वेगळा असतो, किंवा घरी धाकट्या बहिणीची सोयरीक जुळायची असते. पुण्यात भाडेकरार एकाच्या नावावर होतो. घरमालकाला काहीतरी वेगळंच सांगितलेलं असतं. महावितरणचं बिल मालकाच्या नावाने येतं. आधारवर दोघांचे पत्ते आपापल्या गावचे. एकत्र काढलेले फोटो गावी जाण्याआधी फोनमधून पुसले जातात. तीन वर्षं खरोखर एका छताखाली काढलेल्या जोडप्याकडे तीन महिन्यांचाही कागद नसतो. नातं खरं असूनही अर्ज कमजोर पडतो आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही लपवाछपवी त्यांनी हौसेने केलेली नसते.

दुसरी गुंतागुंत जुन्या रूढींची आहे. आपल्या भागात अनेक समाजांत पाट लावण्याची, म्होतूर करण्याची, म्हणजे विधवेचं किंवा काडीमोड झालेल्या बाईचं पुन्हा लग्न लावण्याची, पद्धत होती. काडीमोड जातपंचायतीसमोर व्हायची. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने झालेल्या काडीमोडीला जागा आहे, पण तिचा न्यायालयीन हुकूमनामा नसतो आणि परदेशी अधिकारी तोच मागतात. पहिलं लग्न असं मोडलेल्यांसाठी लग्नाविना जोडीदाराचा वर्ग कधीकधी उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये या वर्गात आधीचं नातं कायमचं संपलेलं असावं, एवढी अट आहे. मात्र ते संपल्याचा काही लेखी आधार हवाच.

आणि आळंदी. घरच्यांच्या धाकाने पळून जाऊन आळंदीला हार घालून आलेली जोडपी मराठवाड्यात गावोगाव सापडतील. विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते, ती कोणीतरी पाहील आणि घरी कळवेल, ही त्यामागची भीती खरी आहे. पण विधिवत लग्न झालं असेल तर ते लग्नच, नोंदणी झालेली असो वा नसो. अशांनी 'अविवाहित जोडीदार' म्हणून अर्ज करू नये. ब्रिटनमध्ये पती-पत्नी म्हणून केला तर दोन वर्षांच्या नात्याची अटही लागत नाही. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत आणि कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. एजंट हे सांगत नाहीत.

२०२४ मध्ये दोन्हीकडे काही हललं. ब्रिटनने ३१ जानेवारीपासून व्याख्या बदलली. आता दोन वर्षं विवाहासारखं नातं असणं पुरे, दोन वर्षं एका छताखाली काढलेलीच हवीत असं नाही. एकत्र का राहता आलं नाही, याचं कारण सांगता येतं आणि आपल्या जोडप्यांकडे कारण असतंच. मात्र ब्रिटिश नागरिकाच्या किंवा तिथे कायम स्थायिक असलेल्याच्या जोडीदारासाठी उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला १८,६०० वरून २९,००० पौंडांवर गेली. इकडे भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींना जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला, त्याला नामनिर्देशित करायला कोणतीही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठीही अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावं, अशी सूचना राज्यांना गेली. स्त्री-पुरुष जोडप्यांना संयुक्त खात्यासाठी लग्नाचा दाखला कधीच लागत नव्हता, फक्त कोणी ते उघडत नव्हतं.

म्हणून एकत्र राहायला लागल्याच्या पहिल्या महिन्यापासून कागद जमवा. लीव्ह अँड लायसन्स करारात, म्हणजे भाडेकरारात, दोघांची नावं घाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याची नोंदणी सक्तीची आहेच, त्यामुळे हा पुरावा सरकारी नोंदीतला ठरतो. खातं संयुक्त ठेवा, विम्यात आणि पीएफमध्ये नियमात बसेल तिथे जोडीदाराचं नाव लावा, प्रवासाची तिकिटं जपा, फोटो पुसण्याआधी दुसरीकडे साठवा. घरातल्या निदान एका माणसाला, एखाद्या आत्याला किंवा चुलतभावाला, विश्वासात घ्या. त्यांचं मराठीतलं पत्र चालतं, सोबत अनुवादकाच्या सहीचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.