वस्तुमानाचे मोलमध्ये रूपांतर

पदार्थाच्या वजनावरून त्यातील कणांची संख्या मोल या एककात काढण्याची रीत. ग्रॅममधील वस्तुमानाला त्या पदार्थाच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे त्याच्या एका मोलच्या ग्रॅममधील वस्तुमानाने, भागले की मोल मिळतात. एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात इतके कण असतात. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या या आकड्यावरच उभी आहे. त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ शी बांधलेली होती.

भागाकार कुणालाही जमतो, घोळ होतो तो भाजक ठरवताना. नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या झाडांना डिंक्या रोगापासून जपण्यासाठी खोडाला बोर्डो पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचुदाचा निळा खडा म्हणजे नुसते कॉपर सल्फेट नव्हे. त्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे पाच रेणू स्फटिकात बसलेले असतात. म्हणून बेरीज अशी: तांबे ६३.५, गंधक ३२.१, चार ऑक्सिजन ६४.०, पाच पाणी ९०.१, एकूण २४९.७ ग्रॅम. १००० भागिले २४९.७, म्हणजे साधारण ४ मोल. पाणी धरायचे राहिले तर भाजक १५९.६ होतो आणि उत्तर ६.२७ येते. परीक्षेत हमखास गुण जातात ते इथेच.

कळीच्या चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइडचे, मोलर वस्तुमान ५६.१, म्हणून एक किलोत १७.८ मोल. तराजूत दोन्ही पारडी सारखी, पण मोजणीत चुना जवळजवळ साडेचारपट! सगळे तांबे बांधायला फार तर मोलास मोल, म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम शुद्ध चुना पुरतो. मग किलोभर कशाला? कारण चुना क्वचितच शुद्ध असतो. उघड्यावर पडलेली कळी हवेतला ओलावा घेऊन विरते, पुढे कार्बन डायऑक्साइड शोषून तिचे कॅल्शियम कार्बोनेट होते. वजन उलट वाढते, कामाचे मोल मात्र घटतात. ५६.१ ने भागणे खरे ठरते ते ताज्या कळीपुरतेच.

बागेत हा हिशेब कुणी मांडत नाही. मिश्रणात घासलेला लोखंडी खिळा बुडवतात. त्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे राहिले आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात, आणि थर चढेनासा होईपर्यंत पुन्हा खिळा बुडवून पाहतात.